सभागृह गप्प का बसलं?

मुलुंडच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय 54. बँकेत 29 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी काउंटरवर. मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. गेल्या वर्षभरापासून त्या ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, गणेशोत्सव मंडळं अशा ठिकाणी ऑनलाइन फसवणुकीबद्दल बोलतात. तळमळ आहे, अभ्यासही आहे. पण 'लोक माना डोलावतात, चहा घेतात आणि निघून जातात,' असं त्या लिहितात. सुरुवात हलकीफुलकी व्हावी म्हणून त्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा किस्सा सांगतात: जन्मभर मुलांना शहाणपण शिकवलं आणि स्वतः मात्र एका फोनवर 11 लाख घालवले. लोक हसतात, पण पुढे सभागृह थंड पडतं. बोलताना आपले हात थरथरतात आणि ते सगळ्यांना दिसतं, याचंही त्यांना दडपण आहे. एका वक्तृत्व प्रशिक्षकाने त्यांना सांगितलं की 93 टक्के प्रभाव आवाजाचा आणि देहबोलीचा असतो, शब्दांचा फक्त 7 टक्के. वर सल्ला दिला की 'तुमच्याच आईची फसवणूक झाली असं सांगा, लोक लगेच विश्वास ठेवतील.' त्यांच्या कोर्सची फी 38,000 रुपये. दुसरीकडे एक गुंतवणूक सल्लागार सगळ्या कार्यक्रमांचा खर्च उचलायला तयार आहे, फक्त शेवटची दहा मिनिटं त्याला द्यायची. पुढच्या महिन्यात विलेपार्ल्यात मोठा कार्यक्रम आहे आणि संयोजक पत्रिकेवर 'आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या सायबरतज्ज्ञ' असं छापणार आहेत. ताई विचारतात, 'कोर्स करू का? आईची गोष्ट सांगू का? की हे आपलं काम नव्हे म्हणून थांबू?'

ताई,

थांबू नका. वर्षानुवर्षं काउंटरवर बसलेली, समोरच्याने पासबुक पुढे केल्याबरोबर त्याची अडचण ओळखणारी माणसं या विषयावर बोलायला हवीतच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तुमच्या एक-दोन समजुतींना हात घालणार आहे.

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती मुख्याध्यापकांच्या किश्श्यापाशी. लोक हसतात आणि मग सभागृह थंड पडतं, हे तुम्हीच टिपलंय. कारण शोधायला मात्र तुम्ही आवाजाकडे आणि हातांकडे वळलात. जरा समोरच्या खुर्च्यांवर बसून पाहा. ज्येष्ठ नागरिक संघाची सभा, सत्तर-ऐंशी माणसं. त्यांत एखाद्याचे तरी पैसे असेच गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे. 11 लाख नसतील, 18 हजार असतील. घरी मुलाला सांगितलेलं नसेल, सुनेला तर नाहीच. सांगितलं की हातातला फोन जाईल, बँकेचे व्यवहार मुलगा स्वतःकडे घेईल आणि 'बाबांना आता काही कळत नाही' हे घरात कायमचं ठरून जाईल, ही धास्ती. असा माणूस तुमच्याकडे काहीतरी विचारायचं मनात धरून आलेला असतो. आणि पाचव्या मिनिटाला मुख्याध्यापकांवर सगळं सभागृह हसतं. आता तो हात वर करेल का?

या शांततेचा अर्थ तुम्ही 'लोकांना रस नाही' असा लावलात. मला त्या शांततेत लाज दिसते. रस नसलेला माणूस मुंबईत संध्याकाळी पाच वाजता नातवाचा क्लास आणि गुडघेदुखी सांभाळून दोन जिने चढून येत नाही.

किस्सा टाकून द्या असं मी म्हणत नाही. तो मुख्याध्यापकांच्या बाजूने सांगा. सकाळचे साडेदहा, घरी एकटे. फोनवरचा माणूस अदबीने पूर्ण नाव घेतो आणि म्हणतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. मग व्हिडिओ कॉल. गणवेशातला अधिकारी, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. 'कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, कुणाला सांगितलंत तर तेही आरोपी होतील.' तासामागून तास जातात. मग पडताळणीसाठी पैसे भरायला सांगतात, तपास संपला की परत मिळतील म्हणून. सरकारी शिक्क्याचा मान राखत ज्याचं आयुष्य गेलं, तो अशा वेळी उलट प्रश्न विचारत नाही. त्याच्या सरळपणाचाच फास केला जातो. हे असं सांगा आणि मग ठामपणे सांगा की 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी यांपैकी कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. ज्याचे 18 हजार गेलेत त्याची मान तेव्हा वर होईल, कारण पहिल्यांदाच कुणीतरी त्याला मूर्ख न ठरवता बोलतंय.

आता याच गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहा. फोनवरच्या त्या भामट्याने नेमकं काय वापरलं? पद, गणवेश, करारी आवाज, भीती, घाई आणि रचलेली गोष्ट. तुमच्या प्रशिक्षकांनी दिलेला सल्ला आणि संयोजकांची पत्रिका यांच्याशेजारी ही यादी ठेवून बघा. ज्यांना तुम्ही 'रुबाबाला भुलू नका' असं सांगणार, त्यांनाच रुबाबाने पटवायला गेलात तर तुमचं व्याख्यान त्यांना पुन्हा तीच चुकीची सवय लावेल. इतर विषयांवर बोलणाऱ्याला थोडा दिमाख चालून जात असेल. तुमचा विषयच 'विश्वास कुणावर ठेवायचा' हा आहे. त्यामुळे तुम्हाला एकच रस्ता उरतो: जे बोलाल ते ऐकणाऱ्याला घरी जाऊन तपासता आलं पाहिजे, आणि तुम्ही त्याला तपासायला सांगितलं पाहिजे. 'मी सांगते म्हणून मानू नका, तुमच्या बँकेत जाऊन विचारा' हे वाक्य तुमच्या तोंडून प्रत्येक कार्यक्रमात यायला हवं.

त्या 93 टक्क्यांचंही एकदा पाहून घेऊ, कारण वक्तृत्वाच्या वर्गांमधून हा आकडा फार फिरतो. अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या 1967 मधल्या दोन छोट्या प्रयोगांतून तो निघाला. लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले, सोबत चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगितलं. त्यावरून शब्द 7, स्वर 38 आणि चेहरा 55 टक्के असं गणित मांडलं गेलं. ते फक्त भावना आणि आवडीनिवडी व्यक्त करण्यापुरतं आहे, असं स्वतः मेहराबियन यांनीच पुढे स्पष्ट केलं. माहिती देणाऱ्या व्याख्यानाला ते लागू नाही. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा क्रमांक 1930 आहे. त्यातला एक आकडा तुम्ही चुकीचा सांगितलात, तर कुठली देहबोली तो दुरुस्त करणार?

थरथरणाऱ्या हातांबद्दल थोडक्यात. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की आपली भीती लोकांना जेवढी दिसते असं वक्त्याला वाटतं, त्यापेक्षा ती पुष्कळ कमी दिसते. आणि हे ज्यांना बोलण्याआधी सांगितलं गेलं, ते अधिक चांगलं बोलले. म्हणून तुम्हालाही सांगून ठेवलं. कागद हातात धरण्याऐवजी पोडियमवर ठेवा, म्हणजे झालं.

आईची गोष्ट सांगू नका. पकडल्या जाल हे एक कारण आहेच. मुलुंड ते पार्ले हे अंतर आपल्या माणसांत फार नाही, तुमच्या आईला ओळखणारं कुणीतरी तिसऱ्या रांगेत निघेल. पण कुणीच निघालं नाही असं धरू. कार्यक्रम संपल्यावर एखाद्या आजी जवळ येतील, तुमचा हात हातात घेतील आणि विचारतील, 'आई सावरल्या का गं आता? माझंही असंच झालं.' त्यांनी आयुष्यातली लपवलेली गोष्ट तुमच्यापुढे उघडी केली, ती तुमच्या खोट्याच्या भरवशावर. त्यांना काय उत्तर द्याल?

तुमच्याकडे खरं काही नाही असं वाटूच कसं शकतं तुम्हाला? इतकी वर्षं काउंटरवर बसलात. मुदत ठेव मोडायला घाईघाईने आलेला, 'कशासाठी हवेत?' विचारल्यावर नजर चुकवणारा म्हातारा ग्राहक तुम्ही कधीतरी पाहिला असेलच. तेव्हा तुम्ही काय विचारलंत, तो काय म्हणाला, तुम्हाला शंका कशाने आली, हे सांगा. एवढंच पाळा की ग्राहकाची गोपनीयता निवृत्तीनंतरही तशीच राहते. शाखा, परिसर, रक्कम, व्यवसाय बदला आणि 'तपशील बदलले आहेत' असं लोकांना उघड सांगा. असं सांगितल्याने गोष्टीचा जोर कमी होईल असं वाटतं, पण होतं उलटं. ही बाई दुसऱ्याची गुपितं जपते, मग माझंही जपेल, हे ऐकणाऱ्याला कळतं.

पत्रिकेचं काम लगेच हातात घ्या. विलेपार्ल्यात लोकमान्य सेवा संघासारखी संस्था 1923 पासून उभी आहे. तिथल्या पिढ्यान्‌पिढ्या व्याख्यानं ऐकत मोठ्या झाल्या आहेत. 'आंतरराष्ट्रीय ख्याती' हे शब्द वाचल्यावर तो श्रोता पहिली दहा मिनिटं तुमचं बोलणं न ऐकता ती ख्याती शोधत बसेल. मी बरीच वर्षं आमच्या भागातल्या व्याख्यानमालेचं काम पाहिलंय. संयोजक विशेषणं लावतात ती बहुतेकदा तुमच्यावरच्या प्रेमापोटी आणि तुम्ही स्वतः काही लिहून दिलेलं नसतं म्हणून. तेव्हा चार ओळी तुम्हीच मोठ्या अक्षरांत लिहून पाठवा. अशा काहीशा: 'बँकेत 29 वर्षं काम, त्यातलं बरंचसं काउंटरवर. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिकांशी आर्थिक फसवणुकीबद्दल बोलतात. संगणकतज्ज्ञ नाहीत, बँकेचे व्यवहार जवळून पाहिलेल्या आहेत. कुठल्याही योजनेची किंवा कंपनीची विक्री करत नाहीत.' सोबत संयोजकांच्या सचिवांना प्रेमाने सांगा की एवढंच वाचा आणि पत्रिकेवर फक्त 'निवृत्त बँक अधिकारी' छापा.

शेवटची ओळ लिहिता यावी म्हणून त्या गुंतवणूक सल्लागाराला नकार द्यावा लागेल. इथे मी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. तुमचा प्रवासखर्च होतो, मंडळं मानधन म्हणून नारळ-शाल देतात, हे मला ठाऊक आहे. तो सल्लागार प्रामाणिकही असेल. पण मोफत कार्यक्रम, चहा-नाश्ता आणि शेवटी योजनेचं माहितीपत्रक, या साखळीला आपले ज्येष्ठ चांगलेच पोळलेले आहेत. शेवटच्या दहा मिनिटांत आधीच्या पन्नास मिनिटांचं पाणी होईल. खर्च भागत नसेल तर मंडळाकडे सरळ मानधन मागा. आपल्याकडे वक्त्यांना, विशेषतः बाईला, मानधनाचं बोलायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा. उघड मागितलेल्या पैशाबद्दल कुणाच्या मनात किंतू राहत नाही.

मजकुराबद्दल एक धोक्याची जागा. टाळ्या मिळवणारी अर्धवट विधानं. 'तीन दिवसांत बँकेला कळवलंत की पैसे परत मिळतात' हे तुम्हीही ऐकलं असेल. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात तीन कामकाजी दिवसांची ती तरतूद आली खरी, पण ती बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले तर. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, असं त्याच परिपत्रकात म्हटलं होतं. म्हणजे ज्यांच्यासमोर तुम्ही बोलता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो दिलासा लागूच होत नव्हता. अर्धं वाक्य ऐकून एखादे आजोबा बँकेत जातील, तिथे त्यांना नकार मिळेल आणि 'त्या बाईंनी तर सांगितलं होतं' हे साऱ्या इमारतीत पसरेल. पूर्ण वाक्य सांगा, जरी ते कडू असलं तरी. मग त्यातून निघणारी कामाची गोष्ट सांगा की कळवायला जितका उशीर, तितकं नुकसान वाढतं, म्हणून लाज बाजूला ठेवून लगेच बँकेला आणि 1930 ला फोन करा. नियम बदलत राहतात, तेव्हा प्रत्येक कार्यक्रमाआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर ताजी स्थिती पाहून घ्या.

श्रोत्यांशी नातं जोडायचं तंत्र शिकायला आपल्याला लांब जायला नको. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत, दिवसभर गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात ते लोकांना साध्या वऱ्हाडीत प्रश्न विचारत, लोक उत्तर देत आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. बोलण्याआधी काम, आणि बोलताना प्रश्न. तुमच्या बाबतीत खराटा म्हणजे काय? कार्यक्रमाला तासभर आधी जाणं. खुर्च्या लागत असतात, माइकवाला 'हॅलो, हॅलो' करत असतो, लवकर येणारे चार-पाच जण पंख्याखालची जागा धरून बसलेले असतात. त्यांच्याशेजारी बसा. 'कुठले फोन येतात हल्ली?' एवढंच विचारा. कुणी वीज कापण्याचा मेसेज दाखवेल, कुणी केवायसीचा. त्यांची परवानगी घ्या आणि नाव न घेता तोच मेसेज भाषणात सुरुवातीला वाचून दाखवा. विषय तिथल्या तिथे त्यांचा होतो. 'फिशिंग', 'मालवेअर' वगैरे शब्दांची मग गरजही पडत नाही. 'फोनवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, घ्यायला म्हणून पिन टाकलात तर पैसे जातात' हे एक वाक्य पुरतं.

आवाजाबद्दल प्रशिक्षकांनी सांगितलं नसेल असं काही. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे होतात. 'स', 'श', 'फ' यांसारखे वर्ण त्यात मोडतात. म्हणून 'साठ हजार' म्हटलेलं 'आठ हजार' ऐकू येतं. ओरडल्याने हे सुधारत नाही, सावकाश आणि स्वच्छ उच्चाराने सुधारतं. आकडे दोनदा सांगा, क्रमांक सुटा सुटा सांगा: एक, नऊ, तीन, शून्य. घरघरणारा पंखा पंधरा मिनिटं बंद करायला सांगायला लाजू नका. तोंड उजेडात ठेवा, खिडकी पाठीशी नको, कारण कित्येक जण ओठ पाहून शब्द जुळवत असतात. माना डोलावणाऱ्यांपैकी काहींना तुमचं बोलणं ऐकूच आलं नसेल, ही शक्यता तुमच्या मनात आली होती का?

आणि भाषण चाळीस मिनिटांत संपवा. उरलेल्या वेळात सगळ्यांना फोन बाहेर काढायला सांगा आणि 1930 हा क्रमांक 'फसवणूक' या नावाने तिथेच साठवून घ्या. वेळ लागेल. कुणाला चष्मा सापडणार नाही, कुणाचा फोन पिशवीत रुमालात गुंडाळलेला असेल, कुणी शेजारणीचा फोन करून देईल. गोंधळ होऊ द्या. त्या गोंधळात तुम्ही मंचावरून खाली उतरा आणि खुर्च्यांमधून फिरा. जो हात वर करणार नव्हता, तो तेव्हा तुमचा पदर ओढून हळूच विचारेल.

कोर्सचं म्हणाल तर 38,000 रुपये तूर्त जपून ठेवा. आवाजाचा सराव हवाच असेल तर टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या संस्थेचे क्लब मुंबईत बऱ्याच ठिकाणी आहेत. तिथे कुणी वेळ मोजतं, कुणी तुमचे 'अं', 'म्हणजे' मोजतं आणि भाषणानंतर एक जण नीट अभिप्राय देतो. खर्च या कोर्सच्या मानाने फारच थोडा. तेवढंही नको असेल तर फोनवर स्वतःचं एक भाषण ध्वनिमुद्रित करा आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला ऐकवा. त्यांना कुठे कळलं नाही तेवढं विचारा, कसं वाटलं ते विचारू नका.

तुमच्यासारखेच मधुमेहावर बोलणारे डॉक्टर, पालकत्वावर बोलणाऱ्या शिक्षिका, शिवजयंतीला चरित्र सांगणारे तरुण हे वाचत असतील. त्यांनीही भाषण लिहून झाल्यावर दोन प्रश्न स्वतःला विचारावेत: मी ज्याच्याबद्दल बोलतोय तो माणूस समोरच बसलेला असला, तर हेच आणि असंच बोलेन का? आणि माझं कुठलं वाक्य कुणी तपासायला घेतलं तर ते टिकणार नाही?

राहिला प्रश्न न येणाऱ्या उत्तराचा. पार्ल्यात कुणीतरी असं विचारेल जे तुम्हाला माहीत नसेल. तेव्हा 'मला नक्की ठाऊक नाही' असं माइकवरच म्हणा, वहीत प्रश्न आणि त्यांचं नाव लिहून घ्या, आणि दोन दिवसांत सचिवांमार्फत उत्तर कळवा. सचिवांना आज परिचयासाठी फोन कराल, तेव्हाच हेही ठरवून टाका की उत्तर त्यांच्या संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचं आणि फलकावरही लावायचं, कारण सगळ्यांकडे व्हॉट्सॲप नसतं.